शंका-समाधान : लिनक्सवर बरोबर, विंडोजवर बिघडलेली फाइल

प्रश्न : पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचून त्यांचे आलेख पीएनजी चित्रांच्या रूपात काढणारा सी भाषेतील एक प्रोग्राम मी लिनक्सवर लिहिला. तो तिथे कित्येक महिने बिनतक्रार चालतो आहे. सहकाऱ्यांसाठी तोच कोड मिन-जीडब्ल्यू हा कंपायलर-संच वापरून विंडोजसाठी कंपाइल केला. एकही चूक आली नाही, एकही इशारा आला नाही. प्रोग्राम चालतो, फाइली तयार होतात, पण एकही चित्र उघडत नाही. प्रत्येक फाइल लिनक्सवरच्या फाइलपेक्षा थोडी मोठीही भरते. कोड एकच असताना असे का व्हावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक फाइल थोडी मोठी भरते, हे आपण शेवटी जाता जाता लिहिले आहे, पण आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे, कारण दुखण्याचे निदान त्यातच आलेले आहे. आपल्या प्रोग्रामने चित्र चुकीचे काढलेले नाही. त्याने योग्य तेच बाइट लिहायला दिले, पण ते डिस्कवर पोहोचण्याआधी विंडोजवरच्या सी लायब्ररीने त्यांत भर घातली.

युनिक्समध्ये फाइल म्हणजे बाइटांची एक रांग, एवढीच कल्पना आहे. ओळ संपल्याची खूण म्हणून त्या रांगेत १० हा एकच बाइट, म्हणजे लाइन फीड, येतो, आणि सी भाषेतले नव्या ओळीचे चिन्हही तिथे नेमके तेच असल्यामुळे लायब्ररीला मध्ये काही करावे लागत नाही. विंडोजवर मात्र ओळ १३ आणि १० अशा दोन बाइटांनी संपते. सी भाषेतला कोड दोन्हीकडे सारखा चालावा म्हणून तिथल्या लायब्ररीने दुभाष्याचे काम पत्करलेले आहे: प्रोग्रामने १० लिहिला की ती डिस्कवर १३, १० लिहिते, आणि वाचताना १३, १० ही जोडी दिसली की प्रोग्रामच्या हाती फक्त १० ठेवते. याला टेक्स्ट मोड म्हणतात, आणि काही न सांगता फाइल उघडली तर विंडोजवर हाच मोड धरला जातो. मजकुराच्या फाइलसाठी ही सोय आहे. चित्रात, झिप फाइलमध्ये किंवा मोजमापांच्या कच्च्या आकड्यांत मात्र १० हा बाइट ओळ संपवण्यासाठी आलेला नसतो. तो कुठल्या तरी संख्येचा तुकडा असतो, आणि दुभाष्याला ते कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

वाढ किती होते याचा अंदाजही बांधता येतो. दाबून लहान केलेल्या माहितीत ० ते २५५ हे सगळे बाइट साधारण सारख्याच प्रमाणात येतात, त्यामुळे सरासरीने दर २५६ बाइटांमागे एक १३ जास्तीचा पडतो. एक मेगाबाइटच्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या, फाइलमध्ये सुमारे ४,०९६ बाइटांची भर पडेल. आपल्या फाइलींची वाढ ०.४ टक्क्याच्या आसपास असेल, तर आणखी काही शोधत बसू नका.

वाचतानाची हानी याहून मोठी असते. टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट भेटला की विंडोजची लायब्ररी फाइल संपली असे समजते. पुढे दोन मेगाबाइट माहिती शिल्लक असली तरी प्रोग्रामला ती दिसत नाही, आणि चूक झाल्याचा निरोपही मिळत नाही, कारण लायब्ररीच्या लेखी चूक झालेलीच नसते.

हे नियम कुठून आले, हे एकदा समजले की ते लक्षात राहतात, म्हणून थोडे मागे जाऊ. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या वाचकांना आठवत असेल, की टाइपरायटरची डावीकडची दांडी ढकलली की कागद एक ओळ वर सरके आणि गाडा उजवीकडे परत जाई. दोन्ही कामे हाताच्या एकाच झटक्यात होत. १९६३ सालच्या मॉडेल ३३ सारख्या टेलिटाइप यंत्रात हीच कामे दोन वेगळ्या संकेतांना वाटून दिलेली होती: १३ मिळाला की छापणारा भाग ओळीच्या सुरुवातीला परत जाई, आणि १० मिळाला की कागद वर सरके. मल्टिक्स या जुन्या प्रणालीने आणि तिच्यामागून युनिक्सने फाइलमध्ये एकच खूण ठेवण्याचे ठरवले, आणि यंत्राला दोन संकेत पाठवण्याचे काम यंत्र हाताळणाऱ्या ड्रायव्हरकडे सोपवले. सीपी/एम या प्रणालीने दोन्ही बाइट फाइलमध्येच ठेवले, १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने तीच चाल उचलली, आणि विंडोजला ती डॉसकडून मिळाली. २६ ची कथाही सीपी/एमचीच आहे. त्या प्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजली जाई, त्यामुळे शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे थांबतो हे कळावे म्हणून तिथे कंट्रोल-झेड ठेवत असत. झेड हे इंग्रजीतले सव्विसावे अक्षर, म्हणून २६. डॉसमध्ये लांबी बाइटांत मोजली जाऊ लागल्यावर ही खूण अनावश्यक झाली, पण वहिवाट टिकून राहिली.

आपल्या प्रश्नात पीएनजीचाच उल्लेख आहे हा चांगला योग आहे, कारण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चित्रप्रकाराच्या रचनाकारांनी नेमकी हीच हानी ओळखता यावी म्हणून फाइलचे पहिले आठ बाइट निवडले आहेत: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे बाइट म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. पुढची १३, १० ही जोडी, कोणी तिचा एकच बाइट केला तर लगेच उघडे पडावे म्हणून ठेवली आहे. २६ मुळे डॉसवर टाइप आज्ञेने फाइल पाहणाऱ्याच्या पडद्यावर कचरा सांडत नाही. आणि शेवटचा सुटा १० हा, कोणी त्याच्या आधी १३ घुसडला तर सापडावा म्हणून आहे. आपली बिघडलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे सुटे बाइट (षोडशमान आकड्यांत) दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहिलीत तर आठांच्या जागी दहा बाइट दिसतील: १३७, ८०, ७८, ७१, १३, १३, १०, २६, १३, १०. हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहावे अशी माझी मनापासून शिफारस आहे. त्यानंतर टेक्स्ट मोड ही पुस्तकातली कल्पना राहत नाही.

उपाय एका अक्षराचा आहे. फाइल उघडणाऱ्या एफओपन या फंक्शनला मोड देताना ‘डब्ल्यू’ ऐवजी ‘डब्ल्यूबी’ आणि ‘आर’ ऐवजी ‘आरबी’ लिहा. हे ‘बी’ १९८९ च्या सी प्रमाणकापासून भाषेत आहे आणि पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाप्रमाणे युनिक्सवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे अटी घालून वेगळा कोड लिहिण्याची गरज नाही. लिनक्सवरच्या मूळ कोडमध्येच ते कायमचे घाला. उलट अर्थाचे ‘टी’ हे अक्षर मात्र प्रमाणकात नाही, ती मायक्रोसॉफ्टची भर आहे, ते वापरू नका.

*

प्रश्न : आपल्या सदरात पूर्वी वाचल्याप्रमाणे मी सगळीकडे ‘बी’ घातले. फाइलीचे नाव देऊन चालवले की माझा प्रोग्राम विंडोजवर बरोबर चालतो. पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामकडून थेट दुसऱ्याकडे, माहिती दिली किंवा घेतली की पुन्हा तीच रड. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘बी’ घालायला एफओपनची ओळ लागते, आणि स्टँडर्ड इनपुट व आउटपुट तर आपण उघडतच नाही, मुख्य फंक्शन सुरू होण्याआधी लायब्ररी ते उघडून ठेवते, आणि विंडोजवर टेक्स्ट मोडमध्येच ठेवते. युनिक्सवर वाढलेल्या प्रोग्रामांत पाइपवर सगळी भिस्त असल्यामुळे पोर्ट करताना, म्हणजे दुसऱ्या प्रणालीवर नेताना, ही फट सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

त्यासाठी विंडोजच्या लायब्ररीत सेटमोड नावाचे फंक्शन आहे, ज्याच्या नावाआधी अंडरस्कोर असतो. त्याला प्रवाहाचा फाइल क्रमांक आणि ओ-बायनरी हा स्थिरांक द्यायचा असतो. हे काम पहिला बाइट वाचण्याच्या किंवा लिहिण्याच्या आधी करा. वाचन सुरू झाल्यावर मोड बदलला तर बफरमध्ये आधीच येऊन पडलेल्या बाइटांचे रूपांतर होऊन गेलेले असते आणि ते परत फिरवता येत नाही. हा कोड फक्त विंडोजसाठी असल्यामुळे तो एका लहान फंक्शनमध्ये बंद करा, युनिक्सवर ते फंक्शन रिकामे राहू द्या, आणि अटींची झुडपे कोडभर पसरू देऊ नका. ग्नूच्या प्रकल्पांना सामाईक असलेल्या ग्नूलिब या संग्रहात नेमक्या याच कामाची हेडर फाइल आहे. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे.

एक अपवाद मात्र ठेवा. स्टँडर्ड इनपुट किंवा आउटपुट थेट माणसापुढच्या कन्सोलला जोडलेले असेल, तर त्याला हात लावू नका. कळफलकावरून मजकूर देणारा माणूस कंट्रोल-झेड दाबून संपवतो, आणि बायनरी मोडमध्ये ती खूण एक साधा बाइट होऊन बसते. त्यामुळे प्रवाह कन्सोलला जोडलेला आहे का, हे आधी आय-सॅट-टी-वाय या फंक्शनला विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तरच मोड बदलावा.

एफओपनऐवजी खालच्या पातळीवरचे ओपन वापरत असाल, तर तिथे ‘बी’ चालत नाही. ध्वजांमध्ये ओ-बायनरी मिळवावा लागतो. युनिक्सवर हे नावच बहुधा नसते, म्हणून ते सापडले नाही तर शून्य अशी त्याची व्याख्या करून टाकण्याची जुनी रीत आहे, आणि ती निर्दोष आहे, कारण शून्य मिळवल्याने ध्वज बदलत नाहीत. विंडोजवर पाइप तयार करणारे फंक्शनही मोड मागते, तो देताना विसरू नका. पर्लमध्ये याच कामासाठी बिनमोड आहे. पायथन ३ मध्ये स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट मजकुराचे असतात, आणि कच्चे बाइट हवे असतील तर त्यांच्या आतल्या बफरकडे जावे लागते.

एवढे करूनही बिघाड राहिला, तर आपण पाइप कोणत्या शेलमध्ये चालवत आहात ते पाहा. विंडोजसोबत येणारा जुना पॉवरशेल एका प्रोग्रामची माहिती दुसऱ्याला देताना ती मजकूर समजून उलगडतो आणि पुन्हा बांधतो, त्यामुळे प्रोग्राम अगदी निर्दोष असला तरी बाइट बदलतात. पॉवरशेल ७.४ पासून दोन बाहेरच्या प्रोग्रामांमधल्या पाइपमध्ये बाइट जसेच्या तसे जातात. चाचणी साध्या कमांड प्रॉम्प्टवर केलीत तर हा संशय आधीच दूर होईल.

जाता जाता एक ओळखीची खूण सांगतो. फाइल जशीच्या तशी पोहोचली का हे तपासण्यासाठी डाउनलोडसोबत येणाऱ्या एमडी-फाइव्ह बेरजांच्या यादीत काही वेळा फाइलच्या नावाआधी तारा असतो. ती फाइल बायनरी मोडमध्ये वाचून बेरीज काढली, असा त्या ताऱ्याचा अर्थ आहे. ग्नू प्रणालीवर दोन्ही मोडांची बेरीज एकच येते, तरी तारा राहिला आहे, कारण ज्या प्रणालींवर फरक पडतो तिथेही तीच यादी तपासली जाते.

*

प्रश्न : फाइलचा आकार आधी विचारून तेवढी मेमरी घेतो आणि एकाच एफरीडमध्ये सगळी फाइल वाचतो. विंडोजवर मजकुराच्या फाइलसाठी वाचलेले बाइट नेहमी कमी भरतात आणि माझा प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. फाइलमध्ये हव्या त्या जागी नेणारा एफसीकही भलतीकडेच नेतो. — एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आकार डिस्कवरच्या बाइटांचा मिळतो, आणि एफरीड रूपांतरानंतरचे बाइट देतो. फाइलमध्ये ५०० ओळी असतील तर ५०० बाइट कमी भरणारच. एफसीकच्या बाबतीत सी प्रमाणकानेच हात आखडता घेतला आहे: टेक्स्ट मोडमध्ये फाइलच्या सुरुवातीपासून जायचे तर फक्त शून्यावर किंवा आधी एफटेलने दिलेल्या जागेवर जाता येते, आणि स्वतः गणित करून काढलेल्या जागेची कोणतीही हमी नाही. जागा मोजून पुढेमागे जाणारी प्रत्येक फाइल, मग ती मजकुराची का असेना, बायनरी मोडमध्येच उघडा आणि १३ चा बंदोबस्त स्वतः करा.

*

प्रश्न : मग सगळ्याच फाइली बायनरी मोडमध्ये उघडाव्यात असा सरसकट नियम का करू नये? मी विद्यार्थ्यांना सिगविनवर युनिक्सची साधने शिकवतो. कोणी नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहून आणतो आणि ती चालत नाही. कोणी म्हणतो एक चल बदलला की सगळे प्रश्न मिटतात. — एक शिक्षक, मडगाव

उत्तर : तो चल एफ-मोड नावाचा आहे, आणि तो बदलला की पुढे उघडल्या जाणाऱ्या, मोड न सांगितलेल्या सर्व फाइली बायनरी होतात, हे खरे आहे. प्रोग्राम पूर्णपणे आपल्या ताब्यात असेल आणि वेळ अगदी कमी असेल तर मीही तो वापरला आहे. पण त्याने निर्णय कोडमधून नाहीसा होतो. एखादी ओळ वाचणाऱ्याला तिथे मजकूर अपेक्षित आहे की कच्चे बाइट, हे त्या ओळीवरून कळत नाही, आणि तीच फाइल दुसऱ्या प्रकल्पात उचलून नेली की रोग परत येतो. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीपाशी थांबून ‘यात काय आहे’ हा प्रश्न विचारणे हेच पोर्ट करण्यातले खरे काम आहे, आणि ते टाळण्यासाठी शोधलेली प्रत्येक युक्ती शेवटी जास्त वेळ खाते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

मजकुरापुरते विचाराल, तर वाचताना उदार राहावे. फाइल बायनरी मोडमध्ये उघडावी, ओळ १० वर तोडावी, आणि ओळीच्या शेवटी १३ असेल तर तो काढून टाकावा. असे केले की फाइल कोणत्याही प्रणालीवरून आली तरी चालते, आणि हे लिनक्सवरही करावे, कारण विंडोजवर लिहिलेली सेटिंगची फाइल लिनक्सवर आली की फोल्डरच्या नावाच्या शेवटी तो १३ चिकटून राहतो, फोल्डर सापडत नाही अशी तक्रार येते, आणि पडद्यावर नाव मात्र अगदी बरोबर दिसते. लिहिताना काय करावे, हे ती फाइल कोण वाचणार यावर ठरवावे. माणसाने उघडण्याची फाइल असेल तर विंडोजवर टेक्स्ट मोड ठीक आहे. तोही हट्ट आता तितकासा उरलेला नाही, कारण २०१८ पासून नोटपॅडलाही नुसत्या १० वर संपणाऱ्या ओळी नीट दाखवता येतात. दुसऱ्या प्रोग्रामने वाचायची फाइल असेल तर दोन्ही प्रणालींवर सारखेच बाइट लिहावेत, म्हणजे फाइलींची तुलना आणि बेरजा जुळतात.

आपल्या विद्यार्थ्यांच्या स्क्रिप्टचे दुखणे याच घरातले आहे. १९९५ पासून चालत आलेल्या सिगविनने विंडोजवर युनिक्सची वागणूक उभी केली आहे, आणि तिथे फाइल कोणत्या मोडमध्ये उघडावी हे कोणते फोल्डर कसे माउंट केले आहे यावरही ठरू शकते. कोडमध्ये ‘बी’ स्पष्ट लिहिलेले असेल तर मात्र माउंटचे काही चालत नाही. नेहमीचे माउंट बायनरी असते, म्हणून नोटपॅडने घातलेला १३ स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅश या शेलपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो आणि आज्ञेच्या नावाचा भाग बनतो. सिगविनच्या बॅशमध्ये हा १३ दुर्लक्षित करण्यासाठी ‘इग्न-सीआर’ हा पर्याय आहे, पण तो लावण्यापेक्षा फाइलच दुरुस्त करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी असे मला वाटते, कारण लिनक्सच्या सर्व्हरवर तो पर्याय नसतो. तिथे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या शेवटी १३ राहिला तर कर्नल त्यासकट इंटरप्रिटरचे नाव शोधतो आणि अशी फाइल नाही म्हणतो, आणि स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असताना ‘फाइल नाही’ हे वाचून भलेभले गोंधळतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट वापरत असाल तर भांडाराच्या मुळाशी गिट-अ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून शेल स्क्रिप्टच्या ओळी नेहमी एलएफवरच, म्हणजे नुसत्या १० वरच, संपाव्यात आणि चित्रे बायनरी समजावीत, एवढे लिहून ठेवा. मग प्रत्येकाच्या यंत्रावरच्या गिटच्या सेटिंगवर अवलंबून राहावे लागत नाही.

*

प्रश्न : ऊस नोंदणीच्या मराठी याद्या तयार करणारा आमचा जुना प्रोग्राम युनिक्सवरून विंडोजवर आणला. याद्या यूटीएफ-१६ मध्ये लिहिल्या जातात. लिनक्सवर त्या स्वच्छ दिसतात. विंडोजवर एक ओळ नीट, त्यानंतर चिनी अक्षरे, मग पुन्हा एक ओळ नीट, असे होते. काही ओळी मध्येच बिघडतात, काही मध्येच सुधारतात, आणि सुधारण्याच्या ठिकाणी बहुधा ‘ऊस’ हा शब्द असतो. लिनक्सवर तयार केलेली चांगली यादी विंडोजवर वाचायला दिली तर ती पहिल्याच ओळीत तुटते. फॉन्टचा दोष आहे का? गेल्या तीन महिन्यांच्या याद्या अशाच साठल्या आहेत, त्या वाचवता येतील का? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : फॉन्टचा काहीही दोष नाही, आणि आपले निरीक्षण इतके बारकाईचे आहे की त्यावरून प्रत्येक बाइटचा हिशेब लागतो.

यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर दोन बाइटांत बसते. विंडोजच्या नेहमीच्या क्रमात आधी अक्षराचा विभागातला क्रमांक येतो आणि नंतर विभागाचा क्रमांक, जो सगळ्या देवनागरीसाठी ९ आहे. या विभागात ‘ऊ’ चा क्रमांक १० आहे आणि ‘च’ चा २६. म्हणजे आपल्या लिपीतली दोन अक्षरे नेमक्या त्याच दोन बाइटांवर बसली आहेत ज्यांना टेक्स्ट मोडमध्ये वेगळा अर्थ आहे. वाचताना यादी तुटते ती पहिल्या ‘च’ पाशी: ‘चव्हाण’, ‘चंदगड’, किंवा एखाद्या शब्दाला लागलेला नुसता ‘च’ आला, की लायब्ररीला २६ दिसतो आणि फाइल संपली असे ठरते. आपल्या यादीत तुटण्याच्या जागेनंतरचे अक्षर कोणते आहे ते पाहा. ते ‘च’ असणार.

आता लिहिताना काय होते ते पाहू. नव्या ओळीची खूण यूटीएफ-१६ मध्ये १०, ० अशी असते. टेक्स्ट मोडने तिचे १३, १०, ० केले, एक बाइट वाढला, आणि तिथून पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटाने सरकल्या. आधीच्या अक्षराचा ९ आणि पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळून नवेच अक्षर तयार होऊ लागले, आणि त्यांतली पुष्कळशी चिनी अक्षरांच्या विभागांत पडतात. त्या ओळीच्या शेवटी पुन्हा एक १३ घुसला, सरकलेल्या जोड्या आणखी एका बाइटाने सरकल्या, आणि दोनदा सरकल्यामुळे जागेवर आल्या. म्हणून एक ओळ नीट आणि एक बिघडलेली. बिघडलेली ओळ देवनागरी अक्षरावर संपत असेल तर तिच्या अगदी शेवटी मल्याळम लिपीतले ‘उ’ हे अक्षर दिसेल, कारण शेवटच्या अक्षराचा ९ आणि घुसलेला १३ मिळून तेच अक्षर होते.

‘ऊस’ या शब्दाचेही असेच आहे. ‘ऊ’ म्हणजे १०, ९ आणि ‘स’ म्हणजे ५६, ९. टेक्स्ट मोडमधून गेल्यावर हे १३, १०, ९, ५६, ९ होते. नीट चाललेल्या ओळीत हा शब्द आला की पहिल्या जोडीची रिकामी चौकट होते, ९ आणि ५६ मिळून एक चिनी अक्षर होते, आणि तिथून ओळ बिघडते. बिघडलेल्या ओळीत हाच शब्द आला की मागच्या अक्षराचा उरलेला बाइट १३ ला जोडला जातो, आणि १०, ९ ही जोडी मोकळी होऊन ‘ऊ’ पुन्हा उमटतो. तिथून ओळ सुधारते. ऊसनोंदणीच्या यादीत ‘ऊस’ हा शब्द सतत येणार, आणि त्यामुळेच आपल्याला तो सुधारण्याच्या ठिकाणी दिसला. गुजराती आणि गुरुमुखी या लिप्यांचा विभाग क्रमांकच १० असल्यामुळे त्या लिप्यांतल्या याद्यांत हा बिघाड प्रत्येक अक्षरामागे होतो.

यूटीएफ-८ मध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. ‘च’ म्हणजे २२४, १६४, १५४. त्यात १०, १३ किंवा २६ येऊच शकत नाही. याद्या वाचणारे दुसरे प्रोग्राम अडवत नसतील तर यूटीएफ-८ कडे जा. जाता येत नसेल तर यूटीएफ-१६ च्या फाइली वाचताना आणि लिहिताना न चुकता ‘बी’ लावा, आणि ओळीच्या शेवटी दोन खुणा हव्या असतील तर प्रोग्रामने स्वतः १३, ०, १०, ० लिहावे.

साठलेल्या याद्यांबद्दल आपल्याला निश्चिंत करता येते याचा मला फार आनंद आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी काम करताना माझ्या हातून दाबलेल्या फाइलींचा एक संच फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्या आस्की, म्हणजे मजकुराच्या, मोडमध्ये विंडोजवरून युनिक्सवर गेला. तिथे १३, १० चे १० झाले होते, आणि कोणता १० मुळात एकटा होता आणि कोणाचा १३ गळाला हे ओळखण्याचा काहीच मार्ग उरला नव्हता. मूळ यंत्र तोवर पुसले गेले होते, आणि त्या फाइली कायमच्या गेल्या. आपली दिशा उलटी आहे. लायब्ररीने प्रत्येक १० च्या आधी एक १३ घातला आहे, मुळात तिथे १३ असो वा नसो. म्हणून प्रत्येक १० च्या लगेच आधीचा एक, फक्त एकच, १३ काढून टाकला की मूळ फाइल बाइटन् बाइट परत मिळते.

हे काम मजकूर दुरुस्त करणाऱ्या तयार साधनांना देऊ नका, कारण ती फाइलकडे मजकूर म्हणून पाहतात आणि इथे तर मजकुराची चौकटच मोडलेली आहे. वीस ओळींचा प्रोग्राम लिहा, दोन्ही फाइली बायनरी मोडमध्ये उघडा, आणि मूळ फाइलीवर न लिहिता नवी फाइल तयार करा. काढण्याआधी एकदा सगळी फाइल वाचून प्रत्येक १० च्या मागे १३ आहे याची खात्री करा. एकही १० एकटा सापडला तर त्या फाइलीला हात लावू नका. ती एक तर लिनक्सवर तयार झालेली आहे किंवा तिच्यावर नंतर कोणी दुसरे संस्कार केलेले आहेत, आणि ती वेगळी ठेवून हाताने तपासावी लागेल. दुरुस्त झालेल्या फाइलीची लांबी सम भरली पाहिजे, कारण यूटीएफ-१६ मध्ये विषम लांबीची फाइल असूच शकत नाही. त्यानंतर एक यादी उघडून ‘ऊस’ आणि पहिला ‘च’ जागेवर दिसतात ना ते पाहा, आणि मगच बाकीच्या तीन महिन्यांच्या याद्या चालवायला घ्या.